‘आपण’ म्हणजे कोण?

सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते, तेव्हा आमच्या जुन्या कारखान्यातल्या सुगंधाचा फोन आला. सुगंधा सहसा फोन करत नाही, रोज सकाळी फुलांचा नाहीतर गणपतीचा फोटो पाठवून मोकळी होते. त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव बघून मी नळी हातात धरूनच फोन उचलला. "वैद्यबाई, मुकादम गेले," ती म्हणाली. मी खुळ्यासारखं विचारलं, "कुठे?" "गेले म्हंजे गेले वो बाई... सकालीच." हातातली नळी तशीच वाहत राहिली आणि खालच्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या तेव्हा कुठे मी भानावर आले. रोडपालीहून पनवेल म्हणजे रिक्षाचा रस्ता, पण त्या दिवशी तो संपता संपेना.

हनीफ मुकादम यांचं घर मोहल्ल्यात, आत शिरल्यावर तिसऱ्या वळणाला. मी पोचले तेव्हा जनाजा निघायच्या बेतात होता. गल्ली माणसांनी भरली होती आणि त्यातले कितीतरी चेहरे आमच्या तळोज्याच्या कारखान्यातले होते. कुणाचे केस पिकलेले, कुणाच्या खांद्यावर आता दुसऱ्याच कंपनीची बॅग. पुरुष मंडळी कब्रस्तानाकडे गेली आणि आम्ही बायका रुखसानाभाभींपाशी बसून राहिलो. भाभी रडत नव्हत्या, अधूनमधून फक्त दाराकडे बघत होत्या. सुगंधा मात्र आली नव्हती. फोन तिनंच केला, सगळ्यांना तिनंच कळवलं, पण स्वतः आली नाही. ते मला टोचलं, आणि ती का आली नाही हेही मला माहीत होतं. हनीफभाईंबद्दल लिहायचं तर मला तेच लिहायला हवं. बाकी चांगल्या माणसांबद्दल जे लिहितात ते सगळं त्यांनाही लागू पडेल, पण ते वाचून हनीफभाई म्हणाले असते, "बाई, हे कोण गेलं म्हणायचं?"

मी त्या कारखान्यात कामगार अधिकारी होते, हल्ली ज्याला एचआर म्हणतात ते. पंपांना आणि पाइपांना लागणाऱ्या रबरी रिंगा आम्ही बनवायचो. कारखाना तेव्हा एका शेठजींचा होता. हनीफभाई आखातात बरीच वर्षं एका गोदामावर देखरेख करून आईच्या आजारपणासाठी परत आले आणि शेठजींनी त्यांना पाळीवर सुपरवायझर म्हणून घेतलं. आडनावच मुकादम, त्यामुळे थट्टेला तोटा नव्हता. पुढे ते मॅनेजर झाले, मग अख्ख्या कारखान्याचे प्रमुख झाले, तरी मी म्हणायची, "हनीफभाई, कितीही बढती घ्या, राहणार तुम्ही मुकादमच." त्यावर ते हसून म्हणायचे, "खानदानी पोस्ट आहे बाई, अशी सोडता येत नाही." मला ते सुरुवातीपासून ‘बाई’ म्हणत, कारण त्यांच्या नोटिशींमधलं शुद्धलेखन मी लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवायची. त्यांना त्याचा राग येत नसे. उलट पुढच्या नोटिशीत तीच चूक ते मुद्दाम करत, असा माझा अजूनही संशय आहे.

त्यांची काम करायची पद्धत साधी होती. सकाळी केबिनमध्ये जायच्या आधी सगळा कारखाना पायी फिरायचा, आणि फिरताना कामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. पोरीचं लग्न ठरलं का, सासऱ्यांचा मोतीबिंदू काढला का, असल्या चौकश्या. रमझानमध्ये रोजा असे, पण कॅन्टीनची पाहणी चुकत नसे. स्वतःला चाखता येत नसे म्हणून मला बरोबर न्यायचे. मी आमटी चाखायची आणि ते माझ्या तोंडाकडे बघून आचाऱ्याला झापायचे. एकदा मी नुसतीच शिंकले, तरी आचाऱ्याचं काही खरं नव्हतं. तपासणीच्या लाइनवर सगळ्या बायका होत्या, बऱ्याचशा नेऱ्याकडच्या, आणि सुगंधा म्हात्रे त्यांची म्होरकी. रिंग दिव्यासमोर धरायची, अंगठ्यानं ताणायची आणि चीर दिसते का बघायची, हे त्यांचं काम. हनीफभाई तिथे सगळ्यात जास्त रेंगाळत. "या लाइनीवर डोळे चांगले आहेत," म्हणत, "आणि जिभाही."

मग शेठजींनी कारखाना युरोपातल्या एका मोठ्या कंपनीला विकला आणि आमचं जग एकाएकी रुंद झालं. भिंतींना नवीन रंग लागला, कॅन्टीनला कॅफेटेरिया म्हणायची सूचना आली, आणि दर काही महिन्यांनी तिकडचे साहेब येऊन भाषण करू लागले. या भाषणाला ते ‘टाउनहॉल’ म्हणत. पहिल्यांदा बोर्डावर ‘उद्या टाउनहॉल’ असं लागलं, तेव्हा दोघेजण खरोखरच विचारायला आले की नगरपालिकेत जायचं तर कंपनी बस देणार का. आखातात इंग्रजी पक्कं झाल्यामुळे भाषांतराचं काम हनीफभाईंकडे आलं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते भयंकर आवडलं. कोट घालून ते साहेबांच्या शेजारी उभे राहायचे. त्यांना आपल्या इंग्रजीची थोडी ऐट होतीच. साहेब पाच मिनिटं ‘सिनर्जी’वर बोलले की हनीफभाई म्हणायचे, "एकमेकांच्या कामात पाय घालू नका, एवढंच सांगतायत." सगळे हसायचे, आणि साहेबांना वाटायचं, आपण काहीतरी विनोदी बोललो. नेतृत्वाचं प्रशिक्षण म्हणून त्यांना एकदा लोणावळ्याच्या हॉटेलात धाडलं. तिथे चार-चार जणांच्या गटांनी शेवयांचा मनोरा उभा करायचा होता. परत आल्यावर मी विचारलं, काय शिकलात? म्हणाले, "मनोरा पडला बाई, पण लीडरशिप आली."

मार्टिन नावाचे एक वरिष्ठ साहेब तेव्हा नेहमी यायचे. उंच, सौम्य, प्रत्येकाशी हात मिळवणारे. माणूस वाईट नव्हता. एका टाउनहॉलमध्ये ते उत्साहानं म्हणाले की वी आर ओपनिंग अ न्यू प्लांट इन व्हिएतनाम. हनीफभाईही रंगात आले होते. त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "आपण व्हिएतनामला नवीन कारखाना काढतोय!" टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मार्टिन साहेब लाजले. दुसऱ्या दिवशी लाइनवरच्या बायकांनी वर्गणी काढून पेढे वाटले. आपण कारखाना काढतोय म्हणजे आपला कारखाना वाढतोय, असा सरळ हिशेब. एकानं पासपोर्टची चौकशी सुरू केली. सुगंधानं तर मला विचारलं, "बाई, तिकरं भात खातान ना? मंग आमाला काय अवघर नाय." पेढा खाताना हनीफभाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो, त्यांनाही ते खरंच वाटत होतं. आणि पुढे काही महिन्यांनी वरून आलेल्या सूचनांमधून आम्हाला दोघांना हळूहळू उमगलं, की बऱ्याचशा रिंगांचे साचे इथून उचलून तिकडे नेणार आहेत, आणि मग तपासणीची लाइनही राहणार नाही. व्हिएतनामचा कारखाना आमच्या जोडीला नव्हता, आमच्या जागी होता.

बातमी कुठून तरी फुटलीच. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सुगंधा डबा तसाच ठेवून हनीफभाईंच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "साहेब, तुमी म्हनलावता, आपन कारखाना काढतो. आमी पेढे वाटले. आता सांगा, ते आपन म्हंजे कोन?" हनीफभाईंच्या हातात घास होता, तो तसाच राहिला. सुगंधा वळली आणि आपला डबा उचलून निघून गेली. त्या दिवसापासून ती त्यांना साहेब म्हणेनाशी झाली. मुकादम, एवढंच.

संध्याकाळी ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले. "बाई, इंग्रजीत एकच ‘वी’ आहे. हिंदीत एकच ‘हम’. सगळ्या दुनियेचा कारभार एकात भागतो. आपल्या मराठीलाच काय दोन-दोन लागले? आम्ही आणि आपण..." मी म्हटलं, आम्ही म्हणजे समोरच्याला वगळून आणि आपण म्हणजे समोरच्याला धरून, हे तर तिसरीतली पोरंही न शिकवता बोलतात. "तेच ना," ते म्हणाले. "मार्टिनचा ‘वी’ आम्हीवाला होता. मी आपणवाला उचलला. मला वाटलं, मीही त्यात आहे, तर हे सगळे पण आहेत." मला त्यांची दयाही आली आणि हसूही. शब्दकोशात शोधून न सापडणारी चूक त्यांनी केली होती, आणि ती इंग्रजीत नाहीतर हिंदीत करताच आली नसती. त्यानंतर त्यांनी कारखान्यात ‘आपण’ हा शब्द टाकलाच. ते सोपं नव्हतं. आमचा स्टोअरकीपर स्वतःलाच आपण म्हणायचा, "आपण नाय बा थांबणार ओव्हरटाइमला." नोटिशीत समोरच्याला मान द्यायचा तर ‘आपण सहकार्य करावे’ असं लिहायची रीत. हनीफभाई माझ्याकडून तेही ‘तुम्ही’ करून घ्यायचे. चहाला जाऊया म्हणताना अडखळायचे. मी चेष्टेनं म्हणायची, "मी चहाला चाललेय, तुम्ही चहाला चालला आहात, योगायोगानं एकाच टपरीवर." ते हसायचे, पण शब्द उच्चारायचे नाहीत.

लाइन बंद करायची सभा ठरली तेव्हा मार्टिन साहेब पुन्हा आले. या वेळी भाषण मराठीत तयार होऊन आलं होतं, कुठल्याशा एजन्सीकडून. पहिलंच वाक्य होतं, ‘आपण सर्वांनी मिळून एक कठीण निर्णय घेतला आहे.’ पुढे ‘आपण एक कुटुंब आहोत’ वगैरे. हनीफभाईंनी कागद वाचला, घडी केली आणि मार्टिन साहेबांना म्हणाले, मी हे वाचणार नाही, तुम्ही बोला, मी माझ्या शब्दांत सांगतो. साहेब जरा बावरले, पण हो म्हणाले. मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, हे आता ‘त्यांनी’ म्हणणार. त्यांनी ठरवलं, युरोपातल्यांनी, आमचा काय इलाज? सगळ्यांना तेच अपेक्षित होतं, आणि त्यानं हनीफभाईंची गावात, मोहल्ल्यात अब्रू राहिली असती. लोक त्यांच्याबरोबर उसासे टाकून घरी गेले असते. मार्टिन साहेबांचं पहिलं वाक्य संपलं. हनीफभाई पुढे झाले आणि म्हणाले, "ही लाइन बंद करायचं आम्ही ठरवलंय. आम्ही म्हणजे हे साहेब, यांच्या वरचे लोक... आणि मी. मी या कारखान्याचा प्रमुख आहे, माझी सही आहे. तुम्हाला कुणी विचारलं नाही. तुम्ही यात नाही."

सभागृहात जे काही उसळलं ते मी इथे लिहीत नाही. मार्टिन साहेबांनी नंतर विचारलं, माझ्या एवढ्या लांब वाक्याचं तुम्ही काय सांगितलंत, की लोक तुमच्यावरच तुटून पडले? हनीफभाई म्हणाले, "सर, आय टोल्ड देम हू इज वी." साहेबांनी नेहमीसारखा हात मिळवला. समजलं की नाही, देव जाणे.

मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला. दोन्ही खरं आहे. राग याचा, की एवढं बोलून ते खुर्चीवर बसूनच राहिले. मी तोंडावर म्हटलं, "सही तुमची, तर राजीनामाही द्या." तेव्हा पहिल्यांदाच ते माझ्यावर चिडले. "राजीनामा दिला की मी त्या ‘आम्ही’मधून सुटलो, बाई. सगळे म्हणतील, बघा, चांगला माणूस. आणि या बायकांसाठी आत भांडणार कोण, तो एजन्सीवाला?" मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटलंय असं नाही. त्यांना त्या वर्षी वरून शाबासकी मिळाली, आणि लोकांनी तेही बघितलं. पण ते आत राहून भांडले, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय. ठरलं होतं त्यापेक्षा बरी रक्कम बायकांना मिळाली. उरणच्या गोदामांत, उलव्याच्या बांधकामांवरच्या ऑफिसांत, जिथे जिथे ओळख होती तिथे त्यांनी शब्द टाकला. काहीजणींचं झालं, काहीजणींचं नाही. जी घरी बसली ती बसलीच. सुगंधाला गोदामात काम मिळालं, ते कुणामुळे हे तिला माहीत होतं, आणि तरी रस्त्यात हनीफभाई दिसले की ती दुसरीकडे बघायची. लाइनच्या शेवटच्या पाळीला ते तिथे आले होते. कुणी त्यांच्याशी बोललं नाही. जाताना त्यांनी शेवटच्या खोक्यातून एक रिंग उचलली आणि खिशात टाकली. ते फक्त मी बघितलं.

पुढे कारखाना आणखी एकदा विकला गेला, माणसं बदलली, भाषणं आता पडद्यावर होतात म्हणे आणि भाषांतरही यंत्रच करतं. हनीफभाई निवृत्त झाले, मग हृदयाचं दुखणं सुरू झालं. मी महिन्यातून एकदा तरी जायची. शेवटची भेट ते जायच्या आधीच्या आठवड्यातली. खुर्चीत बसले होते, विमानतळ सुरू झाल्यापासून मोहल्ल्यात विमानांचा आवाज किती येतो याची तक्रार करत होते, आणि तक्रार करता करता प्रत्येक विमान कुठलं ते ओळखायचा प्रयत्नही करत होते. निघताना मी म्हटलं, बरे व्हा, मग कर्नाळ्याला फिरायला जाऊ. "कोण कोण?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आपण." ते हसले. मग एकदम म्हणाले, "सुगंधा कशी आहे?" मी सांगितलं, बरी आहे, नातू झालाय. "अच्छा? माशाल्ला." मी चपला घालत होते तेव्हा म्हणाले, "तिला सांगू नका हां मी विचारलं ते... उगाच तिला वाटेल, माफ करून टाक म्हणतोय." मी नाही सांगितलं.

चाळिसावा दिवस होऊन गेला आणि सुगंधाचा पुन्हा फोन आला. "बाई, मुकादमांच्या घरी जाताव का माझ्यासंगं? येकटीला जमाचा नाय." आम्ही दोघी गेलो. तिनं घरचे तांदळाचे पापड आणले होते, ते भाभींच्या हातात देऊन ती दारातच उभी राहिली, कुणीतरी आत ये म्हणेपर्यंत. भाभींना कारखान्यातलं फारसं काही माहीत नव्हतं, हनीफभाई ते घरी आणत नसत. त्यांनी सुगंधाला बाहेरच्या खोलीत बसवलं, चहा ठेवायला सांगितलं. समोर हनीफभाईंची खुर्ची होती, तिच्यावर अजून कुणी बसत नाही. खुर्चीच्या वर खिळ्याला त्यांच्या स्कूटरच्या चाव्या टांगलेल्या होत्या, आणि चाव्या ओवलेल्या होत्या एका काळ्या रबरी रिंगेत. सुगंधा बसता बसता उठली. खुर्चीला वळसा घालून भिंतीपाशी गेली.

"ही आपल्या लायनीची हाय," ती म्हणाली.

"आपल्या?" भाभींनी सहज विचारलं. "आपल्या म्हणजे कुणाच्या?"

सुगंधानं माझ्याकडे बघितलं. मग ती भाभींकडे वळली. "आपल्या म्हंजे... साहेबांच्या नि आमच्या."

भाभींनी चाव्या खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिल्या. चहा आला तरी ती तशीच उभी होती. खिडकीच्या उजेडाकडे धरून, अंगठ्यानं ताणून, ती रिंग सावकाश फिरवून बघत होती.